अर्थिंग आधी, गाडी मागाहून

वाचकांचं पत्र

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नारळ-सुपारीची बाग आहे आणि चार खोल्या पर्यटकांना देतो. आठवड्यातून तीनदा चिपळूणला जावं लागतं, महिन्यातून एकदा कुंभार्ली घाटाने कराडला लेकीकडे. पेट्रोलची गाडी बारा वर्षांची झाली, आता बदलायची आहे. मुलगा म्हणतो इलेक्ट्रिकच घ्या. मेव्हणे म्हणतात सीएनजी बरी. शेजारी सांगतात, हायड्रोजनच्या गाड्या येतायत, थांबा. आमची भीती वेगळीच आहे. खाऱ्या वाऱ्यात बॅटरी टिकेल का? आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते तेव्हा गाडी काय कामाची?

– एक बागायतदार

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही गाडीचं नाव विचारण्याआधी धाव सांगितलीत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येतं. तुमच्या धावेला इलेक्ट्रिक गाडी बसते. मात्र शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी घरामागच्या अर्थिंगच्या (गळकी वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीच्या) खड्ड्याकडे बघावं लागेल. कोकणात इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या बऱ्याचशा तक्रारी तिथे सुरू होतात, आणि दोष मात्र गाडीला लागतो.

हायड्रोजनचं आधी उरकू. एक किलो हायड्रोजन पाण्यापासून वेगळा करायला पन्नासेक युनिट वीज लागते आणि तेवढ्यावर गाडी शंभर किलोमीटरच्या आसपास जाते. तीच पन्नास युनिटं थेट बॅटरीत भरली तर साडेतीनशे किलोमीटर निघतात. शिवाय तो वायू गाडीत 700 बार दाबाने भरावा लागतो आणि तसा पंप कोकणपट्टीत नाही. त्यासाठी थांबू नका.

आता तुमचा हिशेब. गुहागर-चिपळूण जाऊन-येऊन साधारण 90 किलोमीटर, आठवड्याला तीन फेऱ्या. कराड जाऊन-येऊन 280. गावातली किरकोळ धाव धरून महिन्याला पंधराशेच्या घरात जाता. आपल्या चढउतारांच्या रस्त्यावर मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला सात किलोमीटर देते असं धरा. चार्ज होताना दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून शंभर किलोमीटरला मीटरवर 16 युनिटं पडतात. त्याच शंभर किलोमीटरला सीएनजी चार किलो आणि पेट्रोल साडेसहा लिटर लागेल. दर सारखे बदलतात, म्हणून रुपये इथे छापत नाही. तुमच्या बिलावरचा आणि पंपावरचा आजचा दर घालून गुणाकार करा.

गुणाकारात एक चूक सगळेच करतात. महिन्याला गाडीची 240 युनिटं घरच्याच मीटरवर आली तर घरगुती वापराचा टप्पा बदलतो. घरात आज 150 युनिटं जळत असतील तर बेरीज 390 होते, आणि तीनशेच्या वरची युनिटं महाग दराने लागतात. महावितरणकडे इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग आहे, त्यात हे टप्पे नाहीत. पण वेगळ्या मीटरचा स्थिर आकारही दर महिन्याला येतो. दोन्ही हिशेब कागदावर मांडा, मगच अर्ज करा. घरचाच मीटर ठेवलात तरी मंजूर भार वाढवून घ्या. जुन्या घरांना तो एक-दोन किलोवॅटच असतो, आणि गाडी एकटीच तीन किलोवॅट ओढते.

बॅटरी किती मोठी घ्यायची ते चिपळूणवरून ठरवू नका, कराडवरून ठरवा. कराड 140 किलोमीटर, म्हणजे 20 युनिटं. कुंभार्लीची चढण सहाशे मीटरच्या आसपास आहे. चार माणसं आणि सामानासह सतराशे किलोची गाडी तेवढी वर चढवायला तीनेक युनिटं जास्त लागतात. एकूण 23. पंचवीस युनिटांच्या बॅटरीवर पाटणच्या पुढे जीव टांगणीला लागेल. पस्तीसच्या बॅटरीवर कराडला पोचताना तीसेक टक्के शिल्लक राहील आणि लेकीच्या घरी पंधरा अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवर रात्रभरात परतीपुरतं भरून होईल. ती फ्लॅटमध्ये राहत असेल तर आधीच विचारून ठेवा की तिच्या पार्किंगमध्ये तिच्या मीटरवरून सॉकेट निघेल का. नाहीतर हमरस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर वेळ काढावा लागेल. परतीला घाट उतरताना चढणीत गेलेल्यातलं निम्म्याहून जास्त परत बॅटरीत येतं. त्यासाठी उताराला रीजनरेशन, म्हणजे वेग कमी होताना मोटरनेच वीज बनवून बॅटरीत भरण्याची सोय, सर्वांत वरच्या पायरीवर ठेवायचं. जाहिरातीतला रेंजचा आकडा चाचणीतला असतो, त्याचा दोन तृतीयांश तेवढा आपला.

आता अर्थिंग. हा भाग सविस्तर सांगतो, कारण जांभ्याच्या जमिनीत तो हमखास चुकतो.

चार्जर चालू होताना आधी अर्थिंग तपासतो. ते कच्चं असेल तर लाल दिवा लावून बंद पडतो, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडचा कातळ पावसात ओला असताना अर्थिंग उत्तम दाखवतो. एप्रिल-मेमध्ये तोच कातळ कोरडा ठणठणीत होतो, जमिनीचा रोध कितीतरी पटींनी वाढतो आणि जुलैमध्ये बिनतक्रार चालणारा चार्जर मे महिन्यात रुसतो. म्हणून मोजणी उन्हाळ्यातच करायची. वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलवा, दिवा लावून बघणं ही मोजणी नव्हे. रोध पाच ओहमच्या खाली हवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये गाडी चार्ज होत असताना दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसता कामा नयेत.

खड्डा अडीच ते तीन मीटर खोल घ्या. जांभा फोडणं जिवावर येतं म्हणून चार फुटांवर थांबतात, तसं करू नका. घराच्या आसपास मातीची जागा असेल, विहिरीकडची किंवा बागेतल्या पाटाजवळची, तर खड्डा तिथे घ्या आणि तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली जाड लोखंडी पट्टी घरापर्यंत आणा. कोळसा-मिठाची जुनी पद्धत चालते, पण मीठ लोखंडी पाइप खातं, आणि समुद्रकाठी ते काम दुप्पट वेगाने होतं. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरलेलं रेडीमेड इलेक्ट्रोड थोडं महाग पडतं, पण इथे तेच बरं. एका खड्ड्यात पाच ओहम मिळत नसेल तर तीन मीटर अंतरावर दुसरा घेऊन दोन्ही जोडा. वर झाकणाचा चौकोन ठेवा आणि फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला दोन कळश्या पाणी घाला.

वायरिंग गाडीसाठी स्वतंत्र ओढा, मीटरपासून थेट. तांब्याची 4 चौरस मिलिमीटरची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा खटका), 30 मिलिअँपिअरची टाइप ए आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी). सोबत टाइप 2 सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेलं व्होल्टेज अडवणारा), कारण मेअखेरच्या आणि ऑक्टोबरच्या विजा आपल्याकडे काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. भिंतीवर घरगुती पंधराचं सॉकेट लावू नका. ते गीझर-इस्त्रीसाठी असतं. गाडी पाच-सहा तास सलग 13 अँपिअर ओढते, खाऱ्या हवेने पितळी पत्त्यांवर काळा थर आलेला असतो, तिथे उष्णता साठते आणि प्लॅस्टिक वितळतं. निळ्या झाकणाचं 16 अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट लावा, पडवीच्या आत, पावसाची झड येणार नाही अशा भिंतीला. मात्र गाडीसोबत येणाऱ्या चार्जरचा प्लग त्यात बसतो का ते विक्रेत्याकडून आधी पक्कं करा. पहिल्या आठवड्यात रोज दोन तासांनी प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर चार्जिंग बंद करून पेच आवळून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

भिंतीवरचा 7.2 किलोवॅटचा मोठा चार्जर विक्रेता सुचवेल. तुम्हाला तो लागत नाही. चिपळूणच्या एका फेरीची वीज साध्या सॉकेटवर पाच तासांत भरते, आणि रात्र त्याहून मोठी असते. मोठ्या चार्जरला 32 अँपिअर लागतात. वाडीच्या टोकाच्या खांबावरून येणाऱ्या तारेला ते झेपत नाही. ते पैसे अर्थिंगमध्ये घाला.

व्होल्टेज कसं पारखायचं? संध्याकाळी आठच्या सुमाराला, गावातले सगळे दिवे-पंखे चालू असताना, घरात तीन किलोवॅटचा भार चालवा. गीझर आणि इस्त्री एकत्र लावली की झालं, फक्त दोन वेगवेगळ्या सॉकेटांवर. भार लावण्याआधीचं आणि भार चालू असतानाचं व्होल्टेज मीटरजवळ मोजा. दहा व्होल्टांपेक्षा जास्त पडलं तर खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर बारीक आहे किंवा तिचा जोड खाऱ्या हवेने खाल्लाय. महावितरणकडे लेखी अर्ज द्या. व्होल्टेज 180 वर येत असेल तर गाडी बिघडत नाही, पण तीनऐवजी सव्वादोन किलोवॅटने भरते, आणि त्याखाली गेलं की चार्जर बंद पडतो. बागेचा पंप आणि गाडी एका वेळी चालवू नका.

खाऱ्या वाऱ्याबद्दलची तुमची भीती रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी आहे. बॅटरीचा पेटारा सीलबंद असतो. त्याच्या आयपी67 या दर्जाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी आत पाणी जाऊ नये. खारी हवा त्याला फारसं काही करत नाही. ती खाते ब्रेक. इलेक्ट्रिक गाडी रीजनरेशनने थांबते, त्यामुळे ब्रेकचे पॅड डिस्कला क्वचितच टेकतात. पेट्रोल गाडीत रोजच्या घासण्याने जो गंज निघून जातो, तो इथे साचत जातो. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना जाम होतात आणि एक दिवस गाडी एका बाजूला ओढायला लागते. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रीजनरेशन शून्यावर आणून आठ-दहा वेळा ब्रेक जरा जोरात दाबा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पिना साफ करून ग्रीस करायला सांगा. सर्व्हिसच्या यादीत हे काम नसतं, मागून घ्यावं लागतं.

दर पंधरा दिवसांनी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ चोळणंच, तेव्हा चाखून बघा. नारिंगी रंगाच्या केबलींवर आणि जोडांवर प्रेशरचा फवारा मारू नका. पुढच्या जाळीतल्या रेडिएटरच्या पापुद्र्यांवर मात्र हलक्या धारेने पाणी सोडा. चार्जिंगच्या भोकात तेल किंवा ग्रीस घालू नका, फक्त झाकण बंद ठेवा. जंगलजेट्टीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) दाभोळ किंवा जयगडची खाडी ओलांडलीत आणि उतारावर चाकं पाण्यात भिजली, तर घरी येऊन त्याच दिवशी धुवायची. पुळणीत गाडी घालायची नाही, पाहुण्यांनी कितीही गळ घातली तरी. माडाखाली तर उभी करूच नका.

पुराचं पाणी वेगळं. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत जे झालं, त्यात कुठलीच गाडी वाचत नाही. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका दिवशी आले तर चिपळूणला सखल भागात गाडी लावू नका. खाऱ्या पाण्यात बॅटरी बुडाली तर ती चालू करू नका, चार्जर लावू नका. आत मिठाचा थर बसून काही दिवसांनीही आग लागू शकते, अमेरिकेत 2022 च्या इयान वादळानंतर असं घडलं. अशी गाडी घरापासून पंधरा मीटर लांब उघड्यावर ठेवून कंपनीला कळवायची. विमा काढताना बॅटरीत पाणी जाण्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. नेहमीच्या वॉरंटीत, आठ वर्षांची असली तरी, पूर बसत नाही.

लाइट जाण्याचं बोलू. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. एवढ्या काळाला कोणतीही बॅटरी पुरणार नाही. पण दोन-तीन दिवसांच्या खोळंब्याला ती पुरते, शिस्त एवढीच की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाडी निम्म्याच्या खाली आणून झोपायचं नाही. वादळाचा इशारा आला की पूर्ण भरा आणि प्लग काढून ठेवा, कारण वीज पडली तर ती तारेतूनच येते. घरच्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही. छोटा जनरेटर लावलात तरी बहुतेक वेळा चार्जर नकार देतो, कारण त्याच्या न्यूट्रलला अर्थ जोडलेलं नसतं.

उलट काही गाड्यांमधून वीज बाहेर काढता येते, त्याला व्हीटूएल म्हणतात. गाडी निवडताना ही सोय जरूर बघा. फ्रिजला दिवसाला दीड युनिटाच्या आत लागतं, दिवे-पंखे-मोबाइल मिळून आणखी दोनेक. निम्मी भरलेली पस्तीसची बॅटरी चार-पाच दिवस घर उजळत ठेवेल. फक्त ती वीज वेगळ्या बोर्डावर घ्या. घराच्या वायरिंगमध्ये उलटी सोडलीत तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल.

सौरऊर्जेचा मोह होईल. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपयांचं अनुदान आहे आणि तेवढ्यातून सरासरी रोज बारा युनिटं निघतात, भर पावसाळ्यात निम्मी. पण लाइट गेली की साधी ऑन-ग्रिड (महावितरणच्या तारेला जोडलेली) यंत्रणाही बंद पडते, म्हणजे अडचणीच्या दिवसांत तिचा उपयोग नाही. कौलांवर ती बसवणं अवघड, आणि एका माडाची सावली एका पॅनेलवर आली तरी त्या रांगेतलं उत्पादन पडतं. स्लॅब असेल तरच विचार करा, आणि गाडी घेऊन वर्ष झाल्यावर.

मेव्हण्यांची सीएनजीही वाईट नाही. आठ किलोच्या टाकीत दोनशे किलोमीटर निघतात, चिपळूणला गॅस मिळतो. पण कोकणातले बरेच पंप पाइपलाइनवर नाहीत, तिथे ट्रकमधून नळकांडी येतात. ट्रक संपत आला की दाब पडतो, टाकी 200 बारपर्यंत भरतच नाही, आणि रांगेत उभं राहून पाचच किलो मिळतात. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या आल्या की विचारूच नका. डिकीत टाकी, मग पाहुण्यांच्या बॅगा कुठे ठेवणार? कुंभार्लीत जोर कमी पडतो, तिथे पेट्रोलवर टाकावी लागते. पेट्रोल नुसतं पडून राहिलं तर त्यातलं इथेनॉल आपल्या दमट हवेतलं पाणी ओढतं, म्हणून आठवड्याला दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवायची. टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी सक्तीची आहे. मुंबईच्या फेऱ्या दर आठवड्याला असत्या, किंवा घराला स्वतःचं अंगण नसतं, तर आम्ही सीएनजी किंवा स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी) सुचवली असती. हायब्रिडला शंभर किलोमीटरला साडेचार लिटर पुरतं आणि प्लगची कटकट नाही, पण किंमत तुमच्या धावेवर वसूल व्हायला फार वर्षं लागतील.

घेताना बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची मागा. ती उष्णता जास्त सोसते आणि आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरलेली तिला चालते, नव्हे हवीच असते, नाहीतर टक्क्यांचा आकडा चुकायला लागतो. विक्रेत्याला विचारा की बॅटरी उघडून दुरुस्त करणारा माणूस चिपळूण-रत्नागिरीत आहे की गाडी कोल्हापूरला न्यावी लागेल. बंद पडली तर दोरीने ओढता येत नाही, चारही चाकं वर घेणारा ट्रकच लागतो. तो गुहागरपर्यंत येतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. पाहुण्यांना स्टेशनवरून पैसे घेऊन आणत असाल तर गाडीची नोंदणी व्यावसायिक हवी. खासगी पासिंगवर अपघात झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या खोल्यांमुळे. इलेक्ट्रिक गाडीचे पाहुणे आता येऊ लागलेत, आणि ते न विचारता पडवीतल्या सॉकेटला प्लग लावतात. वायरमन आलाच आहे तर त्यांच्यासाठी दुसरं निळं सॉकेट वेगळ्या एमसीबीवर आणि वेगळ्या सब-मीटरसह काढून घ्या. मात्र दोन्ही गाड्या एका वेळी लावायच्या नाहीत, रात्री तुमची आणि दुपारी त्यांची.

सध्या मे चालू असेल तर याच आठवड्यात अर्थ टेस्टर लावून घ्या. पाऊस लागल्यानंतरचा आकडा धरू नका. वाचन पाच ओहमच्या वर आलं, तर खड्ड्याची खोली, पाइप कशाचा आणि मीटरपासूनचं अंतर, एवढं आम्हाला लिहून कळवा.